चिरकणारं क्लॅरिनेट आणि अडॉल्फ सॅक्स: सॅक्सोफोन बनवणाऱ्या माणसाची गोष्ट

सोलापूरहून तुळजापूरकडे निघालं की वाटेत तामलवाडी लागतं. लग्नसराईत संध्याकाळी या भागात एखादी तरी वरात वाजतगाजत चाललेली दिसतेच. पुढे बँड, आणि बँडमध्ये चंदेरी चाव्यांचं काळं क्लॅरिनेट. गाणं रंगात आलेलं असतं आणि ऐन वरच्या सुराला क्लॅरिनेट चिरकतं. नाचणारी पोरं हसतात, वाजवणारे काका रीड तोंडात धरून ओली करतात आणि पुढचं कडवं उचलतात.

हा चिरका आवाज येतो कुठून? फुंक चुकली असणार, असं आपण म्हणतो आणि सोडून देतो. कधीकधी ते खरंही असतं. पण बऱ्याचदा वाजवणाऱ्याची काहीच चूक नसते. दोष नळीत असतो, भोकात असतो, नाहीतर नखाएवढ्या एखाद्या पॅडमध्ये असतो. दोनशे वर्षांपूर्वी बेल्जियममध्ये एक माणूस जन्मला, त्याने आपली उमेदीची वर्षं वाद्यांमधले असले दोष शोधण्यात घालवली. त्याचं नाव अडॉल्फ सॅक्स. सॅक्सोफोन त्याचाच. ६ नोव्हेंबर २०१५ ला गूगलने त्याच्या वाढदिवसाचं डूडल केलं होतं, तेव्हा कदाचित तुम्ही ते बघून पुढे गेला असाल. पण सॅक्सोफोनच्या आधी त्याने क्लॅरिनेट हातात घेतलं होतं, आणि क्लॅरिनेट का चिरकतं हे समजलं की त्याचं पुढचं सगळं काम समजायला सोपं जातं. म्हणून आज दोन्ही गोष्टी एकत्र बघू.

वाचलेला पोरगा

६ नोव्हेंबर १८१४ ला दिनां नावाच्या गावात त्याचा जन्म झाला. मूळ नाव आंत्वान-जोसेफ, पण सगळे अडॉल्फच म्हणायचे. वडील शार्ल-जोसेफ आधी सुतारकाम करायचे, मग वाद्यं बनवायला लागले. घरात अकरा भावंडं, हा सगळ्यात थोरला.

त्याच्या लहानपणाबद्दल जे सांगतात ते ऐकून हा मोठा झालाच कसा असं वाटतं. जिन्यावरून, तेही बऱ्याच उंचावरून, डोक्यावर पडला. दूध समजून ॲसिड मिसळलेलं पाणी प्यायला. टाचणी गिळली. दारूच्या स्फोटात भाजला. तापलेल्या तव्यावर पडला. ओल्या व्हार्निशचं सामान ठेवलेल्या खोलीत झोपला आणि वाफेने गुदमरला. एकदा नदीत पडून वाहत गेला. हे पोरगं काही जगत नाही असं गावाने गृहीत धरलं होतं म्हणे. आता यातलं किती खरं आणि किती नंतर चिकटलेलं, कोण जाणे. पण पुढचं आयुष्य बघितलं तर चिवटपणा खरा होता एवढं नक्की.

वडिलांनी बिऱ्हाड ब्रसेल्सला हलवलं आणि तिथे कारखाना टाकला. अडॉल्फ त्या कारखान्यातच वाढला. लाकूड कातणं, नळी पोखरणं, पितळेच्या चाव्या घासणं हे त्याला शाळेच्या आधी आलं. दुसरीकडे ब्रसेल्सच्या संगीत शाळेत तो बासरी आणि क्लॅरिनेट शिकत होता. हे जरा लक्षात ठेवा, कारण वाद्य बनवणारे बरेच होते आणि वाजवणारेही बरेच होते. पण दिवसा बनवायचं आणि संध्याकाळी तेच स्वतः वाजवून बघायचं, असं फार थोड्यांना जमायचं. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात बघा ना, ज्याने ॲप लिहिलं तोच रोज ते वापरत असेल तर बग लवकर सापडतात. १५ वर्षांचा असताना त्याने स्वतः बनवलेल्या दोन बासऱ्या आणि एक क्लॅरिनेट स्पर्धेत ठेवलं.

तेव्हाचं क्लॅरिनेट कसं होतं

क्लॅरिनेट साधारण १७०० च्या सुमाराला जर्मनीतल्या न्युरेम्बर्गमध्ये डेनर घराण्याच्या कारखान्यात आकाराला आलं. सुरुवातीला त्याला दोनच चाव्या होत्या. मग प्रत्येक पिढीने एक-दोन वाढवल्या. चावी म्हणजे काय, तर बोट पोचत नाही अशा भोकावर बसवलेलं झाकण. झाकण आलं की गळती आली. त्या काळी झाकणाला चामड्याचा चपटा तुकडा लावायचे. तो वाळला, वाकला, की हवा निसटायची.

१८१२ मध्ये इवान म्युलर नावाच्या वादकाने पॅरिसमध्ये १३ चाव्यांचं क्लॅरिनेट दाखवलं. त्याची खरी करामत पॅडमध्ये होती. चपट्या चामड्याऐवजी त्याने आत लोकर भरलेली, गादीसारखी फुगीर पॅडं लावली आणि भोकाची कड थोडी खोलगट केली, म्हणजे पॅड तिच्यात घट्ट बसेल. तज्ज्ञांच्या समितीने हे क्लॅरिनेट नापास केलं. तरी वाजवणाऱ्यांनी हळूहळू ते उचललंच. आज तुमच्या गावातल्या बँडच्या क्लॅरिनेटवर जी मऊ पॅडं दिसतात त्यांचं खापरपणजोबा म्हणजे म्युलरची ती गादी.

सॅक्सच्या हातात आलं ते या पिढीतलं वाद्य. विशीच्या सुरुवातीला त्याने स्वतःचं २४ चाव्यांचं क्लॅरिनेट बनवलं. कौतुक झालं, पण ते चाललं नाही. मला विचाराल तर बरंच झालं. २४ चाव्या म्हणजे हवा निसटायच्या २४ जागा. पुढे क्लोझे आणि ब्यूफे यांनी जी रचना केली तीच जगाने घेतली आणि आजही बहुतेक ठिकाणी तीच चालते. सॅक्सचं नशीब दुसरीकडे होतं. त्याने क्लॅरिनेटचा मोठा भाऊ, म्हणजे बास क्लॅरिनेट, हातात घेतला. तिथे त्याचं डोकं खरं चाललं. पण ते समजायला आधी चिरकण्यामागचं विज्ञान बघावं लागेल.

चिरकतं म्हणजे नेमकं काय होतं

क्लॅरिनेटची नळी जवळपास सरळ, म्हणजे वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीची असते. एका टोकाला रीड, ते टोक बंद धरायचं. दुसरं टोक उघडं. अशा नळीतली हवा एकाच पद्धतीने नाही, अनेक पद्धतींनी डोलू शकते. सगळ्यात खालचा सूर एक पट धरला, तर पुढचे तिप्पट, पाचपट, सातपट. मधले दुप्पट, चौपट जवळजवळ गायब. नेहमीच्या बी-फ्लॅट क्लॅरिनेटचा सगळ्यात खालचा सूर साधारण १४७ हर्ट्झचा असतो. डाव्या अंगठ्याजवळची रजिस्टर चावी दाबली की तीच बोटं ठेवून सूर तिप्पट होतो, म्हणजे साधारण ४४० हर्ट्झ.

सनईचं तसं नसतं. सनईची नळी खाली रुंद होत जाते, शंकूसारखी. त्यामुळे ती जोरात फुंकली की सूर दुप्पट होतो, म्हणजे सा चा वरचा सा. बासरी सरळ असली तरी तिची दोन्ही टोकं उघडी, म्हणून तीही दुप्पट. क्लॅरिनेट एकटंच तिरपागडं. सा वाजवून वर गेलं की वरचा सा न येता त्याच्याही वरचा प येतो. त्यामुळे खालच्या आणि वरच्या सप्तकाची बोटं वेगवेगळी, आणि शिकणाऱ्याची दांडी इथेच उडते.

आता गंमत बघा. रजिस्टर चावी करते काय? ती नळीच्या वरच्या भागातलं एक अगदी बारीक भोक उघडते. त्या भोकातून जराशी हवा निसटते आणि खालचा सूर मोडतो. तिप्पटवाल्या सुराला त्या भोकाचा फारसा त्रास होत नाही, म्हणून तो वर येतो. म्हणजे रजिस्टर चावी ही मुद्दाम केलेली गळती आहे. आणि चिरकणं? बहुतेक वेळा तीच गोष्ट, फक्त नको तिथे. पॅड नीट बसलं नाही, बोटाने भोक पूर्ण झाकलं नाही, की तिथेही तसंच एक बारीक भोक तयार होतं. नळीतली हवा गोंधळते आणि तिप्पट, पाचपट, कुठेतरी वर उडी मारते. एकच गळती, ठरवून केली तर फीचर, आपोआप झाली तर बग.

दुसरा प्रकार रीडचा. रीड ही वेळू-बोरूच्या जातीच्या गवताची पातळ पट्टी. चांगल्या रीडचं गवत मुख्यतः दक्षिण फ्रान्समध्ये पिकतं. या पट्टीची स्वतःची एक कंपनाची गती असते, दोन-तीन हजार हर्ट्झच्या घरातली. खालचा ओठ तिला दाबून धरतो म्हणून ती स्वतःच्या मनाने ओरडत नाही, नळी सांगेल तसं हलते. ओठाची पकड सुटली, किंवा माउथपीस तोंडात फार आत गेला, की रीडवरचा लगाम जातो आणि ती स्वतःचा सूर काढते. तो कानात सुई टोचल्यासारखा आवाज हाच.

सॅक्सने शोधलेली जागा

आता बास क्लॅरिनेटकडे येऊ. ही नळी लांब, म्हणून भोकं एकमेकांपासून लांब. माणसाची बोटं काही तेवढी लांब नाहीत. म्हणून जुने कारागीर तडजोड करायचे. भोक जिथे हवं तिथे न पाडता बोट पोचेल तिथे पाडायचे, आणि बोटाने झाकलं जावं म्हणून लहान ठेवायचे. परिणाम, आवाज दबका, काही सूर बेसूर.

सॅक्सने उलटी सुरुवात केली. भोक कुठे हवं ते हवेच्या नियमाने ठरवायचं, बोटाची सोय नंतर. त्याने भोकं योग्य जागी आणि चांगली मोठी पाडली, त्यांच्यावर झाकणं बसवली आणि झाकणं दांड्यांनी बोटापर्यंत आणली. आणि एक गोष्ट अशी केली जी मला या सगळ्या कहाणीत सगळ्यात हुशारीची वाटते. त्याने रजिस्टरसाठी दुसरं भोक दिलं.

ते का लागतं? वर सांगितलेलं बारीक भोक खरं तर प्रत्येक सुरासाठी वेगळ्या जागी हवं असतं. छोट्या क्लॅरिनेटवर एकाच भोकावर भागवतात. मधल्या सुरांना ते जवळपास बरोबर पडतं, कडेच्या सुरांना जरा चुकतं, पण चालून जातं. लांब नळीत ही चूक वाढते. भोक चुकीच्या जागी असलं की वरचा सूर धरत नाही, घसरतो नाहीतर चिरकतो. तिथे वाजवणाऱ्याने कितीही रियाज केला तरी दोष जाणार नाही, कारण तो लाकडात आहे. दोन भोकं दिली की अर्धे सूर एकाच्या वाट्याला, अर्धे दुसऱ्याच्या. १८३८ मध्ये त्याने या बास क्लॅरिनेटचं पेटंट घेतलं. वय २४ सुद्धा पूर्ण नव्हतं.

तुमचं क्लॅरिनेट चिरकत असेल तर

कारण शोधायची पद्धत सांगतो, मग पुन्हा सॅक्सकडे जाऊ. ही पद्धत कोडमधला बग शोधण्यासारखीच आहे, एका वेळी एकच भाग तपासायचा.

फक्त माउथपीस आणि त्याखालचा छोटा तुकडा, ज्याला बॅरल म्हणतात, एवढंच जोडा आणि फुंका. सूर स्थिर आला पाहिजे. फोनवर कुठलंही फुकटचं ट्यूनर ॲप लावा, काटा हलत असेल तर लगेच दिसेल. इथेच चिरकलं तर बाकीचं वाद्य निर्दोष. मग रीड बघा. टोक तुटलंय का, वाळून लाटेसारखं झालंय का? वाजवण्याआधी मिनिटभर तोंडात ओली करा. ती माउथपीसवर सरळ आणि मधोमध बसली पाहिजे. रीडच्या टोकावर माउथपीसची केसाएवढी काळी कड दिसली की जागा साधारण बरोबर. रीड बदलून आवाज सुधारला तर विषय संपला. पन्नास-शंभर रुपयांची वस्तू, पण लोक तीच महिनोन्‌महिने वापरतात आणि फुंकेला दोष देतात.

रीड ठीक असेल तर माउथपीस थोडा कमी-जास्त आत घेऊन बघा. फार आत घेतला की चिरकतो, फार बाहेर ठेवला की आवाज कोंडतो.

आता वरचा अर्धा भाग जोडा. त्याची सगळी भोकं बोटांनी बंद करा, खालचं तोंड तळहाताने बंद करा आणि वरून हवा ओढा. दोन-तीन सेकंद ओढ टिकली पाहिजे, सोडताना टप्प असा आवाज आला पाहिजे. ओढ लगेच गेली तर कुठलं तरी पॅड गळतंय. कुठलं ते शोधायला सिगारेटच्या पातळ कागदाची पट्टी पॅडखाली ठेवा, चावी हलकी बंद करा आणि कागद ओढा. चारी बाजूंनी सारखा अडकला पाहिजे. एका बाजूने सहज सुटला तर गळती तिथेच. असंच खालच्या भागाचं करा.

दोन्ही भाग जोडताना मधे एक छोटी दांडी असते, वरची चावी खालच्या चावीला जोडणारी. भाग जरा जरी तिरके बसले तर ही दांडी एक झाकण अर्धवट उघडं ठेवते. नवशिक्यांचं चिरकणं यात फार असतं आणि एका सेकंदात दुरुस्त होतं.

वाद्य ठीक निघालं तर उरली बोटं. खालचा सूर धरून बोटं जरा जोरात दाबा, मग उचलून बघा. प्रत्येक बोटावर भोकाचा पूर्ण गोल उमटला पाहिजे. अर्धचंद्र उमटला तर ते बोट गुन्हेगार. बहुतेक वेळा उजव्या हाताची अनामिका निघते. उजव्या हाताच्या पहिल्या बोटाची कड बाजूच्या चाव्यांना नकळत लागते, तेही बघा. इथे फोन खरा कामाला येतो. स्लो मोशन व्हिडिओ लावून हातांचं शूटिंग करा आणि चिरकलं त्या क्षणी कुठलं बोट उचललं गेलं ते बघा. आरशासमोर तासभर उभं राहून जे कळत नाही ते यात दोन मिनिटांत कळतं.

आणि आपल्याकडचा उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये धाराशिव-सोलापूर पट्ट्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि हवा कोरडी ठक्क. रीड वाळते, लाकूड आकसतं, तडासुद्धा जातो. काळं वाद्य उन्हात तापलं की पॅड ज्या लाखेने किंवा ग्लूने चिकटवलेलं असतं ती मऊ पडते आणि पॅड जागा सोडतं. वरातीआधी टेम्पोच्या टपावर ठेवलेलं क्लॅरिनेट संध्याकाळी चिरकलं तर त्यात नवल नाही.

पॅरिस

सॅक्सला ब्रसेल्स पुरेसं वाटेना. १८४० च्या आसपास तिथल्या औद्योगिक प्रदर्शनात परीक्षकांनी त्याला पहिलं पदक द्यायचं टाळलं. कारण काय, तर वय कमी आहे, आताच दिलं तर पुढे काय देणार. खालचं पदक देऊ केलं, ते त्याने नाकारलं. १८४२ मध्ये तो पॅरिसला गेला. खिशात जवळपास काही नव्हतं.

तिथे त्याला हेक्टर बेर्लिओझ भेटला, त्या काळचा मोठा संगीतकार आणि वर्तमानपत्रात लिहिणारा. सॅक्सचं नवं वाद्य ऐकून त्याने जून १८४२ मध्ये त्यावर भरभरून लेख लिहिला. एका रात्रीत पॅरिसला नाव कळलं. आणि एका रात्रीत पॅरिसच्या जुन्या कारखानदारांनाही कळलं.

ते नवं वाद्य म्हणजे सॅक्सोफोन. आता वरचं सनईचं प्रकरण आठवा. सॅक्सने क्लॅरिनेटसारखा एका रीडचा माउथपीस घेतला, पण खाली सरळ नळी न लावता रुंद होत जाणारी शंकूची नळी लावली. तोंड क्लॅरिनेटचं, अंग सनईचं म्हणा. त्यामुळे वर गेल्यावर सूर दुप्पट होतो आणि खालच्या-वरच्या सप्तकाची बोटं जवळपास तीच राहतात. क्लॅरिनेटचं तिरपागडेपण मुळातूनच गेलं. शिवाय अंग पितळेचं. वाद्याचा आवाज ते कशाचं बनलंय यावर ठरत नाही, आतल्या हवेच्या आकारावर ठरतो, असं त्याचं ठाम मत होतं. या मतावरून वादक आजही भांडतात. मला सॅक्सची बाजू पटते, आणि म्हणूनच नवशिक्याने प्लास्टिकचं क्लॅरिनेट घ्यायला लाजू नये असं वाटतं. ते उन्हात तडकत तरी नाही.

२२ एप्रिल १८४५ ला पॅरिसच्या शां-द-मार्स मैदानावर सामना झाला. फ्रेंच लष्कराचे बँड मोकळ्या मैदानात ऐकूच येत नाहीत, अशी तक्रार होती. एकीकडे जुन्या पद्धतीचा ४५ जणांचा बँड, दुसरीकडे सॅक्सची वाद्यं. त्याचे सात वादक आलेच नाहीत. ३८ जणांवर वाजवावं लागलं. हजारो लोक ऐकायला जमले होते आणि त्यांनी कौल सॅक्सला दिला. लष्कराने त्याची वाद्यं घेतली. आपल्या वरातीच्या बँडमधलं युफोनियम हे त्याच्या सॅक्सहॉर्नचं जवळचं नातेवाईक, तेव्हा त्या मैदानाचा आवाज आपल्या गल्लीपर्यंत पोचलाय म्हणायला हरकत नाही.

कोर्ट, कर्ज आणि ओठ

१८४६ मध्ये सॅक्सोफोनचं पेटंट झालं. लहान-मोठे मिळून १४ प्रकार, दोन गटांत. कारखानदारांनी एकजूट केली आणि त्याला कोर्टात खेचलं. युक्तिवाद एकमेकांना काटणारे होते. एकदा म्हणायचे असं वाद्य अस्तित्वातच नाही, एकदा म्हणायचे हे तर आधीपासूनच आहे. असंही सांगतात की सॅक्सने त्यांना आव्हान दिलं, आधीपासून आहे ना, मग वर्षभरात बनवून दाखवा. कोणी दाखवलं नाही.

खटले वर्षानुवर्षं चालले. तो बरेच जिंकला, पण जिंकायलाही वकिलाचे पैसे लागतातच. त्यात १८४८ ची क्रांती झाली, सरकार बदललं आणि लष्कराने त्याच्या वाद्यांचा हुकूम मागे घेतला. १८५२ मध्ये त्याचं दिवाळं निघालं. १८५४ मध्ये तिसरा नेपोलियन पाठीशी उभा राहिला आणि वाद्यं पुन्हा लष्करात आली.

मधेच, १८५३ मध्ये, त्याला ओठाचा कॅन्सर झाला. रीडच्या वाद्यात सूर सांभाळतो तो ओठच, हे आपण वर बघितलं. बनवलेलं प्रत्येक वाद्य स्वतः वाजवून तपासणाऱ्या माणसाचा नेमका तोच अवयव गेला. सहा वर्षं हे चाललं. १८५९ पर्यंत तो बरा झाला, आणि त्या काळात हे कसं झालं याचं आजही आश्चर्य वाटतं.

आजारपणातच, १८५७ मध्ये, पॅरिसच्या संगीत विद्यालयात त्याला सॅक्सोफोन शिकवायची नोकरी मिळाली. विद्यार्थी बहुतेक लष्करी बँडमधले. १८७० मध्ये प्रशियाशी युद्ध सुरू झालं आणि तो वर्ग बंद पडला. फ्रान्सच्या त्या विद्यालयात सॅक्सोफोनचा वर्ग पुन्हा सुरू व्हायला १९४२ उजाडलं.

पेटंटची मुदत १५ वर्षांची होती. खटल्यांत वाया गेलेला काळ बघून १८६० मध्ये ती ५ वर्षं वाढवून मिळाली आणि १८६६ मध्ये संपली. दुसऱ्या दिवसापासून कोणीही सॅक्सोफोन बनवू शकत होतं, आणि बनवायला लागलेच. १८७३ मध्ये दुसरं दिवाळं, १८७७ मध्ये तिसरं. कारखान्यातली अवजारं आणि आयुष्यभर जमवलेला वाद्यांचा संग्रह लिलावात गेला.

७ फेब्रुवारी १८९४ ला तो पॅरिसमध्ये वारला. वय ७९, परिस्थिती हलाखीची. मोंमार्त्रच्या दफनभूमीत त्याला पुरलं. तेव्हा सॅक्सोफोन लष्करी बँडमध्येच जास्त वाजायचा. अमेरिकेतला जॅझ अजून यायचा होता, तो त्याने ऐकलाच नाही. शंभर वर्षांनी बेल्जियमने २०० फ्रँकच्या नोटेवर त्याचं चित्र छापलं, आणि दिनां गावाच्या पुलावर आज रंगीबेरंगी मोठाले सॅक्सोफोन उभे आहेत.

सॅक्सोफोन चिरकतो का? हो, चिरकतो. रीड तीच, ओठ तोच, आणि पॅडं तर क्लॅरिनेटपेक्षा मोठी, म्हणून गळायला जास्त जागा. वरची बरीचशी तपासणी त्यालाही लागू होते, बोटाच्या गोलाची मात्र नाही, कारण तिथे बोटाखाली उघडी भोकं नसतात. बास क्लॅरिनेटवर मात्र सॅक्सचं ते दुसरं भोक अजून आहे. चांगल्या वाद्यात आता अंगठ्याला एकच चावी असते, आणि कुठला सूर वाजतोय त्याप्रमाणे दोनपैकी कुठलं भोक उघडायचं ते आतली दांडी स्वतःच ठरवते. दुरुस्तीला आलेलं बास क्लॅरिनेट वरच्या सुरांना चिरकत असेल, तर त्या दोन भोकांवरची मुगाएवढी पॅडं आधी बघायची असतात.